पावणेपाचची चिठ्ठी

धाकटा : हात प्लास्टरमध्ये आहे तुझा, आई, तोंड नाही. तू नुसतं सांग, आज संध्याकाळी काय करू? मी करतो.

आई : त्या प्रश्नालाच तर विटले आहे मी. सायकलींचं दुकान बंद करून येतोस, दारात चपला काढतोस आणि विचारतोस, ‘काय करू?’ तू विचारलंस की अर्धा स्वयंपाक माझ्याच डोक्यावर आला.

धाकटा : आणि न विचारता केला, तर परवासारखी गत होते.

थोरली : परवा काय झालं?

आई : कोबी आणि बटाटे एकाच पातेल्यात उकडले तुझ्या भावाने. ना मीठ, ना मिरची. तुमच्या इस्पितळात आजाऱ्यालासुद्धा कोणी असलं वाढणार नाही.

थोरली : आमच्या वॉर्डात रोज तेच वाढतात, आई.

धाकटा : ऐकलंस? मेट्रनबाईंचं प्रमाणपत्र मिळालं.

थोरली : पान्या, गंमत पुरे. आई, उद्या सकाळच्या गाडीने मला परत जायचं आहे, त्याआधी हे ठरायला हवं. सहा आठवडे हातावर भार नको, असं डॉक्टर म्हणाले. त्यातला एकच संपला आहे. दोन रस्ते आहेत. एक तर तू माझ्याकडे चल, नाहीतर कोपऱ्यावरच्या खाणावळीतून रोज संध्याकाळी डबा लावते.

आई : तिसराही रस्ता आहे. माझं मी करीन.

थोरली : काल केलंस तसं? डाव्या हाताने पातेलं उतरवायला गेलीस आणि लिटरभर दूध जमिनीवर.

आई : दूध सांडलं. मी नाही सांडले.

थोरली : त्याचीच वाट पाहायची का?

आई : हे बघ, तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. अठ्ठेचाळीस वर्षं मी या ओट्यापाशी उभी राहिले. आता म्हातारपणी खाणावळीचा डबा उघडून बसू? शेजारपाजारचे काय म्हणतील?

धाकटा : ताई, नको तिच्या मागे लागूस. काहींना देवळाची ओढ असते, हिला ओट्याची. स्वयंपाकाची हौस आहे तिला, दुसरं काय!

आई : हो. हौसच म्हणायची.

थोरली : बरं, निदान आजचा तरी भात लावू दे. तांदूळ कुठे आहेत?

आई : वरच्या फळीवर. तो नव्हे. त्याच्या मागचा. अगं, तो बिस्किटांचा जुना डबा आहे, राहू दे तिथेच.

धाकटा : थांब, थांब! झाकणावर जहाज आहे ना? ताई, अगं, हा चिठ्ठ्यांचा डबा!

थोरली : तू हा अजून ठेवला आहेस, आई?

आई : टाकायचा राहून गेला.

धाकटा : वाजव बघू. हां, हाच आवाज! पावणेपाच वाजले की आई दारात उभी राहून हा डबा खुळखुळवायची आणि आपण दप्तरं फेकून स्वयंपाकघरात धावायचो.

थोरली : चिठ्ठ्या खुळखुळत नाहीत, पान्या. आत बटण टाकलेलं असायचं. बाबांच्या जुन्या कोटाचं.

धाकटा : आणि कागद बाबांच्या छापखान्यातले. कापून उरलेल्या पट्ट्या आणायचे ते. तुला निळ्या, मला पिवळ्या आणि स्वतःला पांढऱ्या. ज्याला जे खावंसं वाटेल, ते त्याने लिहून टाकायचं. निघेल ते रात्रीच्या पानात. निघालेली चिठ्ठी पुन्हा घडी घालून डब्यात.

थोरली : मला त्या वेळचं ऊन आठवतं. बाहेरच्या खोलीत पश्चिमेकडून उन्हाची एक लांब पट्टी यायची. आधी बाबांच्या खुर्चीवर, मग आपल्या वह्यांवर. ती सरकत सरकत पुस्तकांच्या कपाटाला टेकली की आईचा डबा वाजायचा. एकदासुद्धा चूक नाही. मला वाटायचं, आई ऊन बघूनच डबा वाजवते.

आई : मी कुठलं ऊन बघते? इथे खिडकीसमोर शेजाऱ्यांची भिंत. चार वाजताच दिवा लावावा लागायचा. घड्याळ बघून वाजवत होते.

थोरली : त्याच्याइतकं सुखाचं मला लहानपणातलं दुसरं काही आठवत नाही. वॉर्डात कधी फार त्रासाचा दिवस गेला, की मी डोळे मिटून तो डबा ऐकते.

धाकटा : मी नाही ऐकत. माझं नशीबच फुटकं होतं. सगळ्या जगाच्या चिठ्ठ्या निघायच्या, माझे मासे तेवढे निघायचे नाहीत.

थोरली : लिहिता तरी कुठे येत होतं तुला? मासे काढायचास. हा बघ एक. शेपूट आहे म्हणून मासा म्हणायचं.

आई : बटाट्यासारखा दिसतो. मी तेच म्हणायचे.

थोरली : हा दुसरा. हा तिसरा. हा तर चक्क हसतो आहे. थांबा, सगळ्या चिठ्ठ्या ओट्यावर मांडते.

धाकटा : झालं. मेट्रनबाईंनी पेशंट मोजायला घेतले.

थोरली : साठ चिठ्ठ्या आहेत. पैकी मासे सतरा. आई, साठात सतरा म्हणजे दर तीन-चार दिवसांनी मासे निघायला हवेत. आपल्याकडे मासे कधी व्हायचे?

धाकटा : महिन्यातून एकदा. फार तर दोनदा.

थोरली : आणि कोबीची चिठ्ठी यात एकही नाही. एकही! आपण तर आठवड्यातून दोनदा कोबी खाल्ला.

धाकटा : आई?

आई : तांदूळ धुतलेस का गं?

धाकटा : आई, इकडे बघ. चिठ्ठीत काय आहे ते तू वाचत होतीस की नाही?

आई : घरात काय आहे, ते वाचत होते.

धाकटा : म्हणजे ती सोडत खोटी होती?

आई : खोटी कशाला? चिठ्ठी खरी काढायचे. वाचताना जरा घराकडे बघायचे, इतकंच. घरात असायचा कोबी आणि तुझी चिठ्ठी म्हणायची मासे. बाजारात पळत जाऊ का पावणेपाचला?

धाकटा : मी कमनशिबी आहे, असं समजून वाढलो गं मी! त्यापायी आजवर एक लॉटरीचं तिकीट काढलं नाही.

आई : मग माझ्यामुळे तुझे पैसे वाचले.

थोरली : पण मग चिठ्ठ्यांचं हे सगळं सोंग कशासाठी, आई? सरळ सांगायचंस, आज कोबी आहे.

आई : सांगून पाहिलं होतं. वर्षभर रोज सांगितलं. मी कोबी केला की तुमची तोंडं वाकडी. तुला वांगं चालायचं नाही, याच्या पानात कांदा दिसता कामा नये, यांना रश्शाशिवाय घास उतरायचा नाही. चिठ्ठी आली आणि कुरकुर थांबली. आईने केलेला कोबी नको असायचा, नशिबाने आलेला गुपचूप खायचात.

धाकटा : आणि बाबा? हे सगळं त्यांना माहीत होतं?

आई : त्यांच्या चिठ्ठ्या वाच.

धाकटा : ‘काहीही’. ही पण ‘काहीही’. ‘काहीही चालेल’. सगळ्या पांढऱ्या चिठ्ठ्यांवर एकच!

आई : चांगला माणूस होता तो. मला त्रास होऊ नये, म्हणूनच लिहायचा. पण ‘काहीही’ नावाची भाजी मला बाजारात कधी मिळाली नाही.

थोरली : तुझा रंग कोणता होता गं, आई? निळा माझा, पिवळा याचा, पांढरा बाबांचा.

आई : मला कुठला आला आहे रंग?

थोरली : मग या कोणाच्या? तपकिरी. वाण्याच्या पुडीचा कागद दिसतो. बारीक घडी घातलेली आहे, नखाएवढी. एक, दोन… तीन आहेत.

आई : आण इकडे ते. टाकून दे. जुना कचरा.

(थोरली घडी उलगडते आणि वाचते. चिठ्ठी भावाच्या हातात देते. तोही वाचतो. भाताचं पाणी उकळू लागल्याचा आवाज.)

धाकटा : ‘आज दुसऱ्या कोणीतरी करावं.’

थोरली : तुझंच अक्षर आहे, आई.

आई : मग काय झालं? घरातल्या प्रत्येकाने चिठ्ठी टाकायची, असा नियम होता. मी काय घराबाहेरची होते?

थोरली : तिन्हींवर हेच लिहिलं आहे.

आई : मला दुसरं काही खावंसंच वाटायचं नाही.

धाकटा : ही कधी निघाली होती का?

आई : निघायची की. पुष्कळदा. एकदा तर लागोपाठ दोन दिवस.

धाकटा : मग काय केलंस?

आई : कोबी वाचला.

थोरली : का पण? आम्ही समोरच उभे होतो ना गं. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. मला काही अगदीच जमलं नसतं असं नाही. बाबा तर बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असायचे. का नाही वाचलीस?

आई : भीती वाटायची.

थोरली : कोणाची?

आई : वाचली असती आणि तुम्ही हसला असतात, तर चाललं असतं. मीही हसले असते. पण समजा, वाचली आणि कोणी उठलंच नसतं, तर? मग ते मला कायमचं माहीत झालं असतं ना. ते माहीत नसलेलंच बरं. त्यापेक्षा कोबी चिरणं सोपं.

धाकटा : आणि आम्ही म्हणत राहिलो, आईला स्वयंपाकाची हौस आहे.

आई : रांधण्याचा कंटाळा नव्हता रे मला. हात कधी दुखले नाहीत. दुखायचं ते डोकं. दुपारचे चार वाजले की हिशेब सुरू. घरात काय आहे, काल काय झालं, परवा काय झालं, कोणाचं पोट बिघडलं आहे, कोणाचा पेपर कठीण गेला आहे, कोणाला काय चालत नाही… हे सगळं मनात जुळवायचं. आणि रात्री भांडी घासून होतात न होतात, तोच डोळ्यांसमोर उद्याचे चार वाजलेले. घरोघरी मातीच्याच चुली, असं म्हणून दिवस काढले.

थोरली : आणि मी ती वेळ आठवून डोळे मिटते.

आई : मीट की. त्यात तुझं काय चुकलं? डबा वाजला की तुम्ही दोघं धावत यायचात, यालाच आधी धाप लागायची. तेवढा क्षण मलाही आवडायचा. खोटं कशाला बोलू? मग चिठ्ठी वाचून झाली की तुम्ही परत बाहेर पळायचात आणि मी इथे.

धाकटा : ताई, खाणावळीला काही कळवायचं नाही.

थोरली : आणि तू रोज येऊन काय करणार आहेस? ‘आई, काय करू?’

धाकटा : नाही विचारणार. तीच तर मेख आहे. चार वाजता दुकानाचं दार ओढतो, येता येता बाजार करतो आणि इथे येऊन डबा वाजवतो. चिठ्ठी मी काढणार आणि मीच वाचणार.

आई : चार दिवसांचा उत्साह. सायकलींची रांग लागली की विसरशील.

धाकटा : चार तर चार. पाचव्या दिवशी मेट्रनबाईंकडे माझी तक्रार कर.

थोरली : शनिवार-रविवार मी बघते. ड्यूटीचा तक्ता मीच लावते, माझी सुट्टी मला फिरवता येईल. तुला कुठेही यायचं नाही, आई. तू इथेच राहायचंस.

आई : आणि प्लास्टर निघाल्यावर?

धाकटा : निघू दे. मनात येईल तेव्हा रांध, खुशाल रांध. पण काय रांधायचं ते तू ठरवायचं नाहीस.

आई : मीठ घालशील ना पण?

धाकटा : मीठ घालीन, मिरची घालीन. कोबी मात्र या घरात आता मी सांगेन तेव्हाच येईल.

थोरली : किती वाजले रे?

धाकटा : पावणेपाचला दोन मिनिटं आहेत. भर त्या चिठ्ठ्या डब्यात. बटण टाकलंस? हां. आई, हा बघ, वाजवला. काढली चिठ्ठी. वाचू?

आई : वाच बाबा.

धाकटा : ‘अंडी, भात आणि टोमॅटोचा रस्सा.’

आई : असली चिठ्ठी कोणी टाकली होती? दाखव बघू.

धाकटा : दाखवायची नाही. काढणाऱ्याने वाचायची, बाकीच्यांनी बघायची नाही. नियम तुझाच आहे.

थोरली : पान्या, तुझ्या मुठीत तपकिरी कागद आहे का रे?

धाकटा : ताई, तू कांदा चीर.

आई : कांदा बारीक चीर हं, याला दिसला तर… बरं, बरं. नाही बोलत. मग मी करू काय इथे?

थोरली : इथे काहीच करायचं नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन बस.

आई : या वेळी? या वेळी मी तिथे कधी बसलेच नाही गं.

थोरली : बाबांच्या खुर्चीत बस. जा.

आई : तेल गरम झाल्याशिवाय कांदा टाकू नका.

धाकटा : आई!

आई : जाते रे, जाते.

थोरली : तू टोमॅटो घे. आणि ती सुरी नको, धार गेली आहे तिची. अरे, तुझे डोळे का भरले?

धाकटा : कांदा आहे ना.

थोरली : कांदा मी चिरते आहे.

धाकटा : आई! बसलीस का गं?

आई : बसले! …काय गं, ते ऊन खरंच कपाटापर्यंत येतं.