रुतीनं मागितलेलं पाणी

शमुवेल : हे तू तिच्याकडून लिहून घेतलंस?

राही : लिवून कशाला घिऊ? तिचं तिनंच लिवलं. मी निस्तं म्हनलं, नीट अक्षर काढ, नाताळबाबा म्हातारा हाय, त्याला कमी दिसतं.

शमुवेल : राही!

राही : हळू बोला. पोरगी अंगणात चिंचोके खेळतीया.

शमुवेल : ऐक काय लिहिलंय. "प्रिय नाताळबाबा, मी तिसरीत आहे. या वर्षी मला फुगा नको. आमच्या ख्रिस्तवाडीवर बोअर पाड. पाणी गोड असावे. तुझी, रुती शमुवेल साळवे." आणि हे तू बायबलात ठेवून दिलंस.

राही : मग कुठं ठिवू? त्याचा पत्ता हाय का कुनाकडं?

शमुवेल : हसण्यावारी नेऊ नकोस. आज शाळेत काय झालं, ऐक. मी फळ्यावर लिहीत होतो. ही उभी राहिली आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, ह्या नाताळाला आमच्या वस्तीवर पाणी येणार. गावातली पोरं हसली. तर म्हणते, हसा, हसा, आईनं सांगितलंय.

राही : असं म्हनली?

शमुवेल : नाताळ दहा दिवसांवर आलाय. त्या दिवशी काय ठेवणार आहेस तिच्या उशाशी? तांब्याभर पाणी?

राही : बोअरचं तिच्या डोस्क्यात कसं आलं, मला काय ठावं? मला वाटलं, फुगाच मागंल, न्हायतर पेन्शिल. आवं, लागोपाठ तिसरं साल पावसाचं तोंड न्हाई. मी दिसभर दुष्काळी कामावर खडी फोडून येते, पोरीच्या ताटात सुकडी. वर्साकाठी येक सकाळ अशी, की उशाखाली हात घातला आन् कायतरी हाताला लागलं. त्यात कुनाचं काय बिघाडलं?

शमुवेल : माझं बिघडलं होतं.

राही : तुमचं?

शमुवेल : सात वर्षांचा होतो. मिशनच्या बोर्डिंगात. आम्हालाही सांगितलं होतं, नाताळबाबाला पत्र लिहा, मागाल ते मिळेल. मी लिहिलं, आईचा खोकला बरा कर. सकाळी उशाशी पत्र्याची शिट्टी होती.

राही : हे मला कदी सांगितलं न्हाई तुमी.

शमुवेल : फाल्गुनात आई गेली. पुढं कितीतरी महिने मला वाटायचं, माझं अक्षर वाईट, म्हणून त्याला वाचता आलं नाही. अक्षर नीट असतं तर आई जगली असती.

राही : देवा रे. आन् मी पोरीला तेच म्हनले.

शमुवेल : तू काय वाईट मनानं म्हणालीस? पण पोराला खोटं सांगू नये. ते फुटलं, की सांगणाऱ्याला काही होत नाही. पोर मात्र स्वतःचीच चूक शोधत बसतं.

राही : मग खरं सांगा. पन तुमीच सांगा. माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई.

* * *

शमुवेल : रुती, दप्तर ठेव जरा. इथं बस.

रुती : पाढे विचारणार?

शमुवेल : पाढे नाही. हे बघ, नाताळबाबा म्हणून कुणी नसतो.

रुती : नसतो म्हणजे? मेला?

शमुवेल : नव्हताच कधी. गोष्ट आहे ती. मोठी माणसं लहान मुलांना सांगतात.

रुती : मग मागल्या साली फुगा कुणी ठेवला?

शमुवेल : आईनं.

रुती : आन् त्याच्या आधी पेन्सिल?

शमुवेल : तीही आईनंच.

रुती : आन् चिंध्यांची बाहुली?

राही : मीच शिवली गं. माझ्या फाटक्या लुगड्याची. रडू नगं, माझी बाय.

रुती : मी कुठं रडतीय? मी आठवतीय. आई, आजपर्यंत मी मागितलेलं सगळं तूच आणलंस?

राही : व्हय.

रुती : एकदापण चुकलं न्हाई?

राही : न्हाई चुकलं.

रुती : मग बरं झालं. तो लांब राहतो, यायला उशीर झाला तर, ह्याचाच मला घोर होता. तू तर घरातच हाईस.

शमुवेल : रुती, थांब. फुगा वेगळा, बोअर वेगळी. त्याला यंत्र लागतं, सरकारचा हुकूम लागतो. आई एकटी कसं आणणार?

रुती : मग तुम्ही दोघं मिळून आणा. तुम्हाला लिहिता येतं, आईला भांडता येतं. मी जाते, आज घंटा द्यायची माझी पाळी हाय.

(रुती दप्तर उचलून पळत जाते.)

राही : सांगितलंत खरं? झालं समाधान?

शमुवेल : मला वाटलं, हिरमुसेल, चार दिवसांनी विसरेल.

राही : ती कुठं हिरमुसली? तिनं नाताळबाबाचं वझं आपल्या डोक्यावर दिलं आन् गेली घंटा वाजवाया. मास्तर, ते बोअरचं यंत्र गावात कवा येनार हाय?

शमुवेल : तेवीस तारखेला. आप्पासाहेबांच्या गोठ्यामागं जागा ठरलीय.

राही : तुमी अर्ज केल्ते ना, वस्तीवर पायजे म्हनून?

शमुवेल : तीन केले.

राही : कुनाच्या हातात दिले?

शमुवेल : आप्पासाहेबांच्याच. सरपंच आहेत. त्यांनी पुढं पाठवायचे, रीत तशी आहे.

राही : म्हंजे तुमी बी पत्र बायबलातच ठिवत हुता की.

शमुवेल : तिन्ही वेळा.

राही : उद्या कामावर खाडा. मी छबूबाईला, साळूबाईला, वस्तीवरच्या समद्या बायांना सांगते. तालुक्याला जायचं, साहेबाला तोंडावर इचारायचं.

शमुवेल : बारा मैल आहे, राही.

राही : घागरीपायी रोज चार मैल जातोच की, तेबी गावच्या विहिरीला वळसा घालून. तुमी येनार का?

शमुवेल : आप्पासाहेबांना कळलं तर माझी बदली होईल. कुठंतरी लांब, डोंगरात.

राही : मग संध्याकाळी पोरीला सांगा, बाबाला भ्या वाटतं. आता खरंच सांगायचं ठरलंय ना?

शमुवेल : कागद दे तो. रजेचा अर्ज लिहितो.

* * *

रुती : आई! तू जीपमधून उतरलीस! पोरांनी सगळ्यांनी बघितलं!

राही : बगू दे. ह्ये पाय बी बग माजे. जाताना बारा मैल ह्यांच्यावर गेले.

रुती : साहेब भेटले? काय म्हणाले?

राही : आदी शिपाई म्हनला, साहेब न्हाईत. आमी सतरा बाया, रिकाम्या घागरी घिऊन. म्हनलं, बरं, बसतो. आन् साहेबाची जीप हुती, तिच्या म्होरंच बसलो.

शमुवेल : अर्ध्या तासात साहेब आतूनच बाहेर आले. जाणार कसे? चाकापुढं छबूबाई मांडी घालून.

राही : कोन तुमी, कुठल्या, म्हनले. तर तुझ्या बापानं खिशातनं कागद काडला आन् वाचाया लागला, 'विनंतीअर्ज ऐसा जे...' मी म्हनलं, मास्तर, कागद ठिवा. त्वांडानं सांगा.

रुती : मग बाबा बोलले?

शमुवेल : बोललो. म्हटलं, साहेब, एकोणीस घरं आहेत, एकशे चार माणसं. गावच्या विहिरीला पाणी आहे. आम्ही खाली उभं राहायचं, वरून कुणीतरी आमच्या घागरीत ओतायचं, अशी चाल होती. तेही महिन्यापासून बंद केलंय.

रुती : आवाज थरथरला?

शमुवेल : पहिल्या वाक्याला.

राही : दुसऱ्याला बी. पन तिसऱ्याला असा चढला, की कचेरीतलं लोक खिडकीला आलं.

शमुवेल : साहेबांनी फाईल मागवली. माझा एकही अर्ज त्यांच्यापर्यंत गेला नव्हता. उलट गावानं लिहून दिलेलं, वस्तीला विहिरीचं पाणी मिळतं, तक्रार नाही.

राही : मी म्हनलं, साहेब, कागद कशाला बगता? चला की, डोळ्यानं बगा.

रुती : आन् ते लगेच आले?

राही : आले. मला जीपमधी म्होरं बसवलं, तुझ्या बापाला मागं. बाकीच्या बाया ट्रकनं येत्यात मागनं. नीट विहिरीवर नेलं साहेबाला. आप्पासाहेब पळतच आलं. 'साहेब, ह्यांना पानी कोन न्हाई म्हनतंय? आपलीच मानसं हैत.' साहेब म्हनले, छान. बाई, ठेवा घागर. आप्पासाहेब, ओता.

रुती : ओतलं?

शमुवेल : कुणी हललं नाही. दहा-बारा माणसं होती काठावर. प्रत्येकजण दुसऱ्याकडं बघत होता. साहेब घड्याळ बघत उभे. पाच मिनिटं झाली असतील. एवढी लांब पाच मिनिटं मी कधी पाहिली नाहीत.

रुती : मग?

राही : मग साहेबांनी वाकून रिकामी घागर उचलली, सोताच्या हातानं. माज्याकडं दिली. आन् आप्पासाहेबाला म्हनले, तेवीसला यंत्र वस्तीवर जाईल.

रुती : आपल्या वस्तीवर?

शमुवेल : लिंबाजवळ. जागापण दाखवून गेले.

रुती : मला म्हायतीच होतं.

* * *

रुती : बाबा, शंभर फूट झालं! यंत्रावरचे गनीचाचा म्हणतात.

शमुवेल : ओल दिसते का?

रुती : न्हाई. निसती दगडाची राख उडतीय. चाचांच्या भुवया पांढऱ्या झाल्यात, म्हाताऱ्यासारख्या. मी परत जाऊन बघते.

राही : सारा गाव बांधावर येऊन बसलाय. आप्पासाहेबानं तर खुर्ची आनलीया.

शमुवेल : काळा पाषाण आहे खाली. नाही लागलं तर, राही?

राही : सकाळपासनं चारदा इचारलंत.

रुती : बाबा, दीडशे! अजून राखच. चाचा म्हणतात, हुकूम दोनशे फुटांचा हाय, त्याच्या पुढं यंत्र बंद.

शमुवेल : राही, तिला घरात ने. तिनं हे बघायला नको.

राही : का म्हनून? न्हाई लागलं तर न्हाई लागलं. तेबी बगू दे तिला. आई-बापानं जीव लावला आन् जमलं न्हाई, ह्यात लाज कसली? खोटं तर न्हाई ना सांगितलं?

शमुवेल : हे तू म्हणतेस?

राही : तुमच्याकडनंच शिकले. जा गं रुती, बग म्होरं जाऊन.

शमुवेल : मला उभं राहवत नाही.

राही : मग बसा. पन हितंच बसा, समद्यांच्या म्होरं.

रुती : आई! बाबा! आवाज बदलला!

शमुवेल : बदलला म्हणजे कसा?

रुती : आधी खडखड होता, आता ठसका लागल्यासारखा! चाचा म्हणतात, मागं सरका, सगळे मागं सरका!

राही : मास्तर... चिखूल. चिखूल उडतोय, मास्तर!

रुती : पाणी! पाणी आलं! आई, लिंबाच्या वर गेलं!

शमुवेल : एकशे ऐंशी... दोनशेच्या आत... राही, बघ गं, बघ केवढं!

राही : बगतीया. छबूबाई नाचाया लागली, तिच्या गुडघ्याचं दुखनं गेलं कुठं? आवं, तुमी रडताय का?

शमुवेल : तोंडावर पाणी उडालंय.

राही : खरं सांगायचं ठरलंय.

शमुवेल : रडतोय. रडतोय मी, राही.

राही : रडा. आज चांगलं दिसतंय.

रुती : आई, चाचांनी मला ओंजळ धरायला दिली! आधी गढूळ होतं, आता निवळलं. गोड हाय! खरंच गोड हाय!

राही : आन् त्या तिकडं कोन उभ्या हैत घागर घिऊन? बनुबाई न्हाई का, आप्पासाहेबाच्या घरच्या?

शमुवेल : त्याच. पुढं यायला लाजतायत.

राही : ओ बनुबाई! या की अशा, लांब का? ठिवा घागर साळूबाईच्या मागं. हितं वरनं ओतायची चाल न्हाई, ज्यानं त्यानं आपल्या हातानं भरायचं. या, या.

रुती : बाबा, बारकी पोरं विचारत होती, हे नाताळबाबानं आणलं का.

शमुवेल : तू काय सांगितलंस?

रुती : न्हाई म्हटलं. सतरा बाया आन् एक मास्तर तालुक्याला चालत गेले, जीप अडवली, त्यांनी आणलं. सतराच्या सतरा नावं सांगितली. त्यांना हीच गोष्ट जास्त आवडली. परत सांग म्हणतायत.

राही : घ्या. तुमचंच खरं झालं, मास्तर.

शमुवेल : अर्धंच. माझ्या एकट्याच्या हाताखाली वाढली असती, तर नाताळबाबा नाही एवढंच तिला कळलं असतं. एवढं मोठं काही मागावं, हे तिला तू शिकवलंस. मलाही.

राही : बास झालं. लोक बगत्यात.

रुती : आई, दोन महिने झाले केस धुतले न्हाईत. परवा नाताळच्या भक्तीला देवळात जायच्या आधी धुवायचे? डोक्यावरून पाणी घेऊन?

राही : परवा कशाला? सोड वेनी.