एका टाकीत नागपूर

"हॅलो? … हं, बोल शेखर. … हो, ऐकू येऊन राहिलं. बोल."

मंदाकिनीने फोन उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला आणि ओट्यापाशी स्टूल ओढून ती बसली. सकाळ रोजच्यासारखीच सुरू झाली होती. साडेपाचला नळ आला. सातला गच्चीवर ऊन उतरल्यावर तिने कालच्या कुरडया उलटून ठेवल्या. कामाच्या दोघी बायका यायच्या आत मसाल्याच्या पुड्यांवर तारखेचे शिक्के मारून झाले. नऊला ती रिक्षाने भनपुरीला गेली, कारण पापड-मसाल्याच्या तिच्या धंद्याला आता दुसरी पिकअप हवी होती. साडेअकराला ती रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरी परतली, चहाचे आधण ठेवले आणि गॅस पेटवायला मात्र विसरली. तेव्हापासून ओट्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा होता आणि त्यातल्या डिझेलच्या पावत्या तिने तारखेप्रमाणे ओळीने मांडल्या होत्या.

"कुठं आहेस? … नागपूरले पोचला. बाबांकडेच आहेस. … बरं. कसे आहेत? … खोकला? … अरे देवा. कधीपासून? … म्हणजे उद्या नाही येत ते. … पुढच्या महिन्यात. हो, हो… थंडी कमी झाल्यावर. समजलं."

शेखर तिचा धाकटा भाऊ. तिचा नवरा शिशिर गेल्यापासून पिकअप तोच चालवत असे. महिन्यातून एकदा तो राजनांदगाव आणि डोंगरगडच्या दुकानांत माल पोचवी, तिथून मंदाकिनीने दिलेला खाऊचा डबा घेऊन पुढे नागपूरला बाबांकडे जाई, आणि दुसऱ्या दिवशी बाबांचे दोन शब्द घेऊन परत येई. आठ वर्षांपूर्वी आईच्या ऑपरेशनच्या कागदावर मंदाकिनीने बाबांना न विचारता सही केली होती. आई वाचली नाही. "तुझं तोंड पाहणार नाही," एवढे बोलून बाबा रायपूरहून गेले ते गेलेच. तिचा फोनही त्यांनी कधी उचलला नाही. गेली दोन वर्षे मात्र डब्यामागून निरोप येऊ लागले होते, आणि एकेका निरोपावर ती अख्खा महिना काढत होती. उद्या तर बाबा कायमचे राहायला येणार होते.

"खोली? … तयार आहे ना खोली. संडासात धरायले दांडी बसवली. मिस्त्री कालच करून गेला. पलंग खिडकीपाशी लावला, त्यांना उजेड लागते असं तूच म्हणला होता. … नाही रे, राग काहून येईल? … अरे ऐक ना. घाई आहे काय तुले? … मग ऐक. सकाळी भनपुरीले गेली होती, गाडी पाहाले. … आपल्यासारखीच. तेच मॉडेल. तिथं गाड्या दाखवणारा एक पोट्टा आहे, भार्गव. मले म्हणे, दीदी, एक बार में कितना दूर जाना पड़ता है? मी म्हटलं, भैया, आमची गाडी एका टाकीत नागपूर जाऊन परत येते. … हो, तुझंच वाक्य. सगळ्या तात्यापाऱ्याले ऐकवत असते मी ते. … हसला तो. म्हणे, ये तो हो ही नहीं सकता. … मीच भांडली त्याच्याशी! म्हटलं, तुमच्या गाड्या तशा असतील, आमची नाही. मग त्यानं मले खाली वाकवलं, शेखर. साडी सावरून, गुडघे टेकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं मी. काळी टाकी, दोन पट्ट्यांनी आवळलेली. पंचेचाळीस लिटर. भरल्या गाडीनं लिटरमागं दहा किलोमीटर, फार तर अकरा. … किती झाले? … नाही, तू सांग. … साडेचारशे, पाचशे. आणि नागपूर जाऊन येणं? … बोल ना. … पावणेसहाशे."

पलीकडून शेखर हसला असावा, कारण मंदाकिनीने क्षणभर फोन कानापासून दूर धरला.

"हं, वाटेत भरलं असशील. मीही तेच म्हटलं त्याले. माझा भाऊ वाटेत भरत असेल, बढाई मारायची सवयच आहे त्याले. … भंडाऱ्याले? … दर वेळी? … बरं. मग भंडाऱ्याच्या पावत्या कुठं आहेत? … फेकल्या? … तू? तू तर चहाची पावतीही आणून टाकतो डब्यात. … थांब, मले सांगू दे."

शिशिरने घालून दिलेली एक पद्धत होती. निघताना भनपुरीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची. गाडी हलवून आतली हवा बाहेर काढायची आणि पुन्हा भरायची. परतल्यावर घरी येण्याआधी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ. वाटेत भरले नसेल, तर मध्ये जेवढे जळले तेवढेच दुसऱ्यांदा आत जाते. शेखरने ही पद्धत एकदाही मोडली नव्हती. पावत्या तो इमानाने डब्यात टाकत होता, आणि त्यांवरचा लिटरचा आकडा मंदाकिनीने आजपर्यंत एकदाही वाचला नव्हता. भावाच्या पावत्या कोण वाचते?

"सगळ्या समोर मांडल्या आहेत माझ्या. आधी तू फक्त डोंगरगडपर्यंत जायचा, तेव्हाच्या पाहिल्या. परत आल्यावर एकवीस लिटर, बावीस लिटर, एकवीस. मग दोन वर्षांपूर्वीची, नागपूरची पहिली खेप. तिची भंडाऱ्याची पावती आहे बरं डब्यात. नाही फेकली तू ती. … आणि त्याच्या पुढच्या महिन्यापासून? एकवीस. बावीस. एकवीस. एकवीस. … नाही… नाही, हिंदीत नको सांगू. 'दीदी सुनो तो' नको. मराठीत सांग. लहानपणापासून खोटं बोलताना तू हिंदीत जातो. … आणि मागं कोण बोलून राहिलं? … टीव्ही? … नागपूरच्या टीव्हीवर छत्तीसगढीत 'हव, चाय लावत हौं' कोण म्हणते, शेखर?"

…

"शेखर?"

…

"कुठं आहेस तू?"

गच्चीवरून कामाच्या बायकांचे हसणे ऐकू येत होते. मंदाकिनीने हात लांब करून स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले.

"डोंगरगड. … कुठं? … टपरीवर. … बरं. … पहिल्या खेपेले गेला होतास ना? खरंच गेला होतास? … मग काय झालं? … जिन्यावरच. … डबा हातातही नाही घेतला. … काय म्हणाले? … नाही, जसंच्या तसं सांग. माझ्या वाट्याचं आहे ते, मले दे. … 'तिले सांग, मी मरायले टेकलो तरी मले तिची सही नको.' … असं म्हणाले. … बरं."

"बरं" हा शब्द तिने पुन्हा एकदा उच्चारला, पण फोनमध्ये नव्हे.

"मग दुसऱ्या महिन्यापासून तू गेलाच नाही. … आणि माझे डबे? … कोण देवीदास? … टपरीच्या बाकावर बसतात. … बाबांच्याच वयाचे. कोणी नाही त्यांना. … हं. … थांब. मग 'लाडवात वेलदोडा जास्त झाला', हे कोण म्हणालं होतं? … देवीदास. … शेखर, तेव्हापासून मी लाडवात वेलदोडा नाममात्र घालून राहिली! बाबांना तर वेलदोडा आवडते. मले वाटलं, वय झालं, जिभेची आवड बदलली असेल. … आणि 'पोरीच्या हाताले तिच्या आईची चव आहे', हे? … हेही त्यांनीच? त्यांनी माझी आई कुठं पाहिली? … तू जोडलं. म्हणजे वेलदोड्याचं खरं आणि आईचं खोटं."

"स्वेटर? … राखाडी स्वेटर, अरे. दोनदा बाह्या उसवल्या मी. 'बाबांना मापात बसला' असं सांगत आला होतास, पेढे घेऊन. … कोणाच्या अंगात आहे? … आत्ता? … समोरच बसले आहेत. … नाही, नको, फोन नको देऊ त्यांना. त्यांची काय चूक? खाल्लं, आवडलं, नाही आवडलं ते सांगितलं. खरं बोलणारे तेवढेच तर आहेत तिथं."

ओट्यावरची एक पावती खिडकीतल्या वाऱ्याने उडाली. मंदाकिनीने ती उचलली आणि तिच्यावर मिठाची बरणी ठेवली.

"मग राहायले येतात असं काहून सांगितलं? … मी विचारलं म्हणून. … मी विचारलं, आणि तुले नाही म्हणवलं नाही. … आणि मी दांडी बसवली संडासात. … हो, माझ्यासाठीच केलं. माझ्या चेहऱ्याकडं पाहवत नव्हतं. हो. … रडू नको. लोक पाहत असतील. … नाही, मी नाही रडून राहिली. … तुले काय वाटते, बाबांनी हाकललं याचं वाईट वाटून राहिलं मले? ते मले आठ वर्षांपासून माहीत आहे. अरे, मले वाटलं बोलणं सुरू झालं, म्हणून मी गेलीच नाही! नाहीतर मी स्वतः गेली असती ना. एकदा हाकललं असतं, दोनदा हाकललं असतं, पण गेली असती. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, शेखर. त्यातली दोन वर्षं तू त्या बाकावर बसून संपवली. माझी होती ती."

…

"खोकला आहे काय त्यांना खरंच? … माहीत नाही. … म्हणजे ते आहेत की नाहीत हेही… शेजारच्या काकूंना कधी केला होता फोन? … दिवाळीले. … दिवाळीले होते. … बरं."

"नाही, तू नको जाऊ आता. … सांगितलं ना, नको. … तू गाडी घेऊन परत ये. हळू चालव. अशा मनानं ओव्हरटेक नको करू. भनपुरीले टाकी फुल कर, पावती डब्यात टाक आणि चावी खिळ्याले अडकव. … मी? मी घरी नसेन. … शेखर, मले आता तुझं काही ऐकायचं नाही. आज नाही. … पुढचं पुढं. … ठेवते. … ठेवते म्हटलं ना."

तिने फोन ठेवला. पावत्या गोळा करून डब्यात घातल्या आणि झाकण दाबून लावले. मग उद्यासाठी करून ठेवलेले बेसनाचे लाडू तिने परातीत काढले आणि एकेक करून सगळे मोडले. दहा-बारा वेलदोडे सोलून खलबत्त्यात कुटले, ती पूड परातीत पसरली, चमचाभर तूप पातळ करून वर सोडले, आणि लाडू पुन्हा वळले. गच्चीवरून उतरलेल्या बाईने विचारले, "दीदी, ये तो कल ही बन गए थे न?" मंदाकिनी म्हणाली, "हव. थोडी कसर रह गई थी."

कुरडया सांजेला आत घ्यायला सांगून, बाबांसाठी तयार केलेल्या खोलीची खिडकी लावून, ती रिक्षाने स्टेशनवर गेली. दुपारच्या गाडीचे नागपूरचे साधे तिकीट काढले. जनरलच्या डब्यात तिला बाकाच्या टोकाशी जागा मिळाली. लाडवांचा डबा तिने मांडीवर धरला. राजनांदगाव गेल्यावर पर्समध्ये फोन थरथरला. पडद्यावर शेखरचे नाव होते. ते विझेपर्यंत तिने पाहिले आणि पर्सची चेन ओढली.

डोंगरगडला गाडी थोडा वेळ थांबली. फलाटावरून चहावाले ओरडत गेले. मंदाकिनीने कोणाकडे पाहिले नाही. गाडी हलली, डोंगरावरचे देऊळ मागे सरकले, आणि दोन वर्षांत प्रथमच तिचा डबा डोंगरगडच्या पुढे गेला.