पडद्यावर एकच ठिपका

...आणि चूक माझी असती ना, तर मी निमूट ऐकून घेतलं असतं, पण लेझरच जर असला आणला तर मी काय करू, तुम्हीच सांगा! आमचे मालक सेऊ ओदिलों, साओ कार्लोसमध्ये संत्र्याच्या सालीवर लेझरनं छाप मारायची मशीनं बनवतात, आणि त्यातली भिंगं आधी कॉम्प्युटरवर बसवून बघायचं काम माझं, म्हणजे जासीराचं. तर यांनी कुठूनसा स्वस्तातला लेझर उचलून आणला. त्याचा झोत साधा गोल नाही हो... उजेडाचे दोन गोळे शेजारी-शेजारी आणि मधे अंधाराची फट. मी तसाच्या तसा सॉफ्टवेअरमध्ये घातला, भिंग ठेवलं, किरण सोडले, तर पडद्यावर एकच ठिपका. आणि संत्र्यावर? दोन, म्हणजे सगळा छापच दुहेरी.

आता सॉफ्टवेअरला किरण म्हणजे नुसत्या ताणलेल्या सुतळ्या. भिंग आलं की सगळ्या एका गाठीत. खरा झोत तसला नसतो, भिंगातून बारीक होतो पण दोनाचा एक काही होत नाही. हे मी मालकांना समजावलं, तर म्हणाले, "पोरी, पडद्यावर एकच ठिपका आहे ना? मग संत्री नीट धुऊन घे." धुतली. मग म्हणाले, संत्र्यांची जातच बदल. बदलली. मग लिंबू आणलं... लिंबावरही दोन!

इकडे शुक्रवारी मशीन बघायला दोना झुलमिरा येणार, संत्र्यांच्या मोठ्या वखारीची मालकीण. ती मशीन न घेता परत गेली तर वर्कशॉपला टाळंच. माझं खुर्चीत बूड टेकेना, कॉफीवर कॉफी, आणि पडद्यावर आपला एकच ठिपका! शेवटी त्या सुतळ्याच फेकून दिल्या. बारीक-बारीक झोतांची जुडी केली, पाण्यावरच्या लाटांसारखे ते एकमेकांत मिसळू दिले, कॉम्प्युटर दमेकऱ्यासारखा धापा टाकायला लागला, आणि... पडद्यावर दोन ठिपके, हुबेहूब संत्र्यावरचे! मी आनंदानं मालकांना ओढत आणलं. त्यांनी चष्मा वर केला. "हे काय करून ठेवलंस? आधीचं बरं होतं की."

पण आता पडदा खोटं बोलत नव्हता, म्हणून उपायही त्यावरच शोधता आला. लेझरच्या पोटात, आरशासमोर, बारीक भोकाची चकती बसवायची. दोन गोळ्यांना मावायला जागाच नाही, झोत मुकाट गोल होतो. भोक केवढं तेही पडद्यावरच काढलं. चकती बसवली, संत्रं ठेवलं, बटण दाबलं... एक. मी खाली फरशीवर बसले आणि ते संत्रं सोलून खाल्लं.

दोना झुलमिरा आली, छापावर नख घासून पाहिलं, सालीचा वास घेतला आणि दोन मशीनं सांगितली. मालक फुलले. माझं पहिलंच चित्र, ते सुतळ्यांचं, छापून आणलं होतं, तिच्यापुढं धरून म्हणाले, "बघा, आमच्या कॉम्प्युटरनं आधीच सांगितलं होतं. ही जासीराच उगीच घाबरत होती."

परवा नवं काम देताना मला म्हणाले, "पोरी, पहिलं उत्तर आलं की थांबत जा. पुढं खणत बसू नकोस."

खणते मी... फक्त आता त्यांना बोलावून दाखवत नाही.