समुद्राची ओटी

जावयाला तोंड कसं दाखवावं, हे मला अजून कळत नाही, बाई. लेक-जावयानं मला हौसेनं अंदमान दाखवायला नेलं. स्पीडबोटीनं बेटं पाहता पाहता मधेच बोट थांबली आणि सगळे तोंडात नळ्या धरून मासे पाहायला पाण्यात उतरले. मी एकटीच वर. एवढ्या मोठ्या पाण्यावरून जायचं आणि ओटी भरायची नाही, हे मनाला पटेना. आमच्या गावाहून, रिठदहून नेलेला नारळ पिशवीत होताच. नारळाला हळदीकुंकू वाहिलं, डोळे मिटले आणि तो सोडला. पण पाण्यात पडल्याचा आवाज काही आला नाही.

डोळे उघडले तर खाली जावईबापू डोकं धरून, कपाळभर कुंकू.

"आई, काय करून राह्यली तू? त्यायले लागलं ना," लेक म्हणाली.

"मले काय मालूम, बापू तिथंच वर येतीन म्हणून." मी पदरात तोंड लपवलं.

बिचाऱ्यांना चांगलं टेंगूळ आलं. पुढच्या ठिकाणी पाण्यात उतरण्याआधी हळूच म्हणाले, "आई, पिशवीत अजून नारळ नाही ना?"

होता. परतीच्या ओटीसाठी ठेवलेला.