मडावी सरांचा नारळ

देवरीच्या शाळेत फुटबॉल शिकवणारे मडावी सर आठवतात ना? तिरोड्याच्या शाळेविरुद्धचा सामना हरलात तर संघ बंद, असं हेडमास्तरांनी त्यांना बजावलं होतं. सरांनी खेळाआधी आपल्या गोलपाशी नारळ फोडला. मध्यंतरापर्यंत आपण दोन गोलांनी पुढे होतो. मग बाजू बदलल्या, नारळवाला गोल तिरोड्याच्या वाट्याला गेला आणि आपण तीन गोल खाल्ले.

मी भडकून विचारलं, "सर, तुमच्या देवानं काय केलं?"

"जो गोल राखाले सांगतला, थो त्यानं शेवटपर्यंत राखला. बाजू बदलतेत, हे मीच विसरलो."

"मग आता संघ बंद?"

"कायले?" सरांनी पिशवीतून दुसरा नारळ काढला. "हा हेडमास्तरच्या दारात फोडतो. तेथं हाफटाइम नाही होत."