ठोंब्याचा चोर

मास्तर : थांबा शेठ, पुढचं मग सांगा. आधी हे बघू द्या मला. मी गेटमधून आत आलो, हातात काठी घेऊन. या कुत्र्यानं मला आजवर एकदाच बघितलंय, तेही पिल्लू असताना. आणि हा माझे बूट चाटतोय? डोबरमन म्हणायचं की घरजावई म्हणायचं याला?

भाऊ : म्हणून तर तुम्हाला बोलावलं, मास्तर. सगळ्यांना चाटतो हा. दूधवाल्याला चाटतो, मीटरवाल्याला चाटतो. परवा सिलिंडरवाला पायरीवर टेकला, तर त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला.

मास्तर : आणि फोनवर म्हणालात, चावला म्हणून.

भाऊ : चावला ना. नऊ टाके पडले.

मास्तर : कुणाला?

ताई : मला! इकडे, जाळीच्या दारामागे. उजवा हात. सुईत दोरा ओवता येत नाही मला आता.

भाऊ : ताई, तू कशाला बोललीस? तुझा आवाज कानावर गेला की त्याचं डोकं फिरतं, माहीत आहे ना तुला?

ताई : माझ्याबद्दल बोलणं चाललंय आणि मी तोंडाला कुलूप लावून बसू?

मास्तर : साखळी धरा! शेठ, साखळी! दोन्ही हातांनी! आणि त्या खांबाला गुंडाळा.

(कुत्रा मागच्या खोलीच्या जाळीवर झेपावतो आहे. साखळी खांबाला गुंडाळल्यावरही त्याची गुरगुर थांबत नाही.)

मास्तर : बाप रे. एवढा राग मी वीस वर्षांत दोनदा बघितला असेल. बाई, तुम्ही यांच्या कोण?

ताई : बहीण. थोरली. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता. शर्टाच्या कारखान्यात तीस वर्षं कॉलरी शिवल्या मी, आणि याचं नाक पुसलं.

भाऊ : झालं, निघालं पुराण.

ताई : पुराण नाही, ओळख करून देतेय. त्यांनी विचारलं. मास्तर, मंगळवारी चावला हा. तेव्हापासून मी या खोलीत कोंडलेली आहे. न्हाणीघरात जायचं तर आधी हाक मारायची, मग हे लोक त्याला बांधणार, मग मी जाणार. काल घरात कुणीच नव्हतं. साडेतीन तास. बादली होती म्हणून निभावलं. एकसष्ट वर्षांची बाई मी, आणि बादली.

भाऊ : आम्हाला यायला उशीर झाला, सांगितलं ना तुला.

मास्तर : बाई, एक विचारतो, राग मानू नका. कुत्रा सगळं जग सोडून एकाच माणसावर असा उठत नाही. तुम्ही मारलंय याला?

ताई : हो.

मास्तर : कशानं?

ताई : वेताच्या छडीनं. रोज संध्याकाळी सहा वाजता. दोन महिने, एक दिवस चुकला नाही.

मास्तर : अहो, पण का?

ताई : तुमचाच अभ्यास होता तो. विचारा की तुमच्या शेठना.

मास्तर : शेठ?

भाऊ : म्हणजे तुम्हीच म्हणाला होतात ना, मास्तर. पाच महिन्यांचा झाला की रोज कुणीतरी यायचं, अंगावर जायचं, छडी उगारायची, डिवचायचं. म्हणजे त्याला कळेल वैरी कसा असतो.

मास्तर : मी म्हणालो होतो, माझा माणूस पाठवतो. दर वेळी नवा. आणि छडी आपटायची जमिनीवर. कुत्रा भुंकला, एक पाऊल पुढे आला, की माणसानं पळून जायचं. मारायचं नाही! कुत्र्याला वाटलं पाहिजे की आपण पळवून लावलं.

भाऊ : तुमचा माणूस आला होता एकदा. माझ्या बायकोला चालेना. आधीच मागच्या दाराचं कुलूप कुणीतरी फोडलं तेव्हापासून हिला झोप नाही, आणि त्यात रोज नवा अनोळखी माणूस अंगणात? म्हणाली, मला नको कुणी परकं घरात.

ताई : ऐकलंत? परक्या माणसाची भीती वाटते म्हणून कुत्रा आणला. आणि कुत्र्याला शिकवायला परका माणूस नको, कारण भीती वाटते.

मास्तर : म्हणून तुम्हाला उभं केलं.

ताई : रेनकोट घातला, डोक्यावर हेल्मेट, तोंडाला फडकं. हाताला बांधायला जाड बाहीसुद्धा मीच शिवली, पोत्याची, आत गोधडीचे तुकडे भरून. टाका बघा कसा घातलाय. कारखान्यात असते तर सुपरवायझरनं पाठ थोपटली असती. हा म्हणाला, ताई, एवढं झाकल्यावर त्याला काय कळतंय कोण आहे ते.

मास्तर : शेठ, कुत्रा काय तोंड बघून माणूस ओळखतो? तो नाकानं ओळखतो. त्या रेनकोटात बाई शिरल्या काय किंवा पिंपात बसून आल्या काय, त्याला पहिल्या श्वासात कळणार.

ताई : कळलंच. पहिल्याच दिवशी कळलं. मास्तर, हा आठ आठवड्यांचा होता तेव्हा आणला. काय गोजिरं होतं ते! पायावर उभं राहता येईना, कान तोंडावर पडायचे. मी ठोंब्या म्हणते त्याला, हे लोक टायगर म्हणतात. रात्रभर कुईं कुईं करायचा. तुमचे शेठ उशी कानावर घेऊन झोपायचे. मी माझ्या पांघरुणात घ्यायची. सकाळी खाणं मी भिजवायची, मी भरवायची. आणि सहा वाजता हेल्मेट घालून त्यालाच... पहिली छडी बसली ना, तर तो पळाला नाही. भुंकलासुद्धा नाही. माझ्याच पायात येऊन बसला. थरथरत होता. दुसऱ्या कुणीतरी मारलं आणि मी त्याला वाचवीन, असं वाटलं असेल त्याला.

मास्तर : मग थांबला का नाहीत?

ताई : मी म्हणाले, अरे भाऊ, हा मला ओळखतोय, बस झालं. भाऊ वर खिडकीत उभा. तिथून ओरडला, जोरात मार ताई, लाडानं काय थोपटतेस!

भाऊ : मला काय माहीत होतं असं होईल?

मास्तर : माहीत नव्हतं कसं? शेठ, मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात फोन केला होता. तुम्ही म्हणालात, माणूस मिळालाय, सोय झालीय. मी विचारलं, घरातलं तर कुणी नाही ना? मी शब्दाला शब्द सांगतो. म्हणालो, घरातलं माणूस वापरलंत तर ते माणूस त्या घरात पुन्हा राहू शकणार नाही.

ताई : कधी म्हणालात?

मास्तर : सांगतोय ना, पहिल्या आठवड्यात.

ताई : भाऊ?

भाऊ : थांब, साखळी सैल झालीय, बघू दे.

ताई : अरे, मी तुला विचारतेय. पहिल्या आठवड्यात तुला हे सांगितलं होतं?

भाऊ : सांगितलं होतं. पण हे लोक असं सांगतातच गं. त्यांचा माणूस घ्यावा म्हणून घाबरवतात. मला वाटलं, तू त्याला खायला घालतेस, तुझ्यावर कसा उलटेल?

ताई : आणि उलटला तर?

भाऊ : मग काय करायचं होतं मी? तूच सांग. बायको अंगणात उतरायला तयार नाही. माझी छकुली सहा वर्षांची पोर. मी मारलं असतं तर तो माझं ऐकणार कसा, मालक मी आहे त्याचा. राहिलं कोण घरात?

ताई : हं. राहिलं कोण.

भाऊ : तसं नाही म्हणायचं मला.

ताई : तसंच म्हणायचंय तुला, आणि बरोबर बोललास. मास्तर, आता पुढे काय ते सांगा. याचा राग जाईल का?

मास्तर : खोटं नाही बोलणार. दुसऱ्या कुणी मारलं असतं तर सहा महिन्यांत काढला असता मी. ज्यानं भरवलं त्यानंच मारलं, हे कुत्र्याच्या डोक्यातून जात नाही. एका घरात तुम्ही दोघं नाही राहू शकत. पुढच्या वेळी तो हात नाही धरायचा, गळा धरेल.

ताई : मग दुसऱ्या कुणाला देऊन टाका त्याला. चांगल्या घरी.

मास्तर : चावलेला कुत्रा कोण घेतो, बाई? मीसुद्धा माझ्याकडे ठेवत नाही. चावलेल्या कुत्र्याला एकच जागा असते. डॉक्टरकडे न्यायचं, इंजेक्शन द्यायचं. त्याला कळतही नाही.

भाऊ : बघ ताई, मी काही बोलणार नाही. तू म्हणशील तसं. तुला इथं राहायचं तर राहा, घर तुझंच आहे. सोमवारी मी त्याला डॉक्टरकडे घेऊन जातो. छकुलीला सांगीन काहीतरी. आत्यासाठी करावं लागलं, म्हणून सांगीन.

ताई : आत्यासाठी.

भाऊ : मग काय सांगू, खोटं बोलू तिच्याशी? नाहीतर मग दुकानाच्या गोडाऊनवर माळ्याची खोली आहे. टायरचा वास येतो थोडा, पण खिडकी आहे. नळ आहे. संडास खाली उतरून आहे, तेवढं एक. झाडूनबिडून घेतलीय मी.

ताई : कधी झाडून घेतलीस?

भाऊ : बुधवारी.

ताई : मंगळवारी टाके पडले मला. बुधवारी सकाळी हात एवढा सुजला होता, आणि तू विचारायला आला नाहीस. मी म्हटलं, दुकानात गर्दी असेल.

भाऊ : तुझ्यासाठीच गेलो होतो ना तिकडे!

ताई : ओरडू नकोस, तो बिथरतो. मास्तर, ही जात किती वर्षं जगते हो?

मास्तर : दहा. नीट ठेवला तर बारा.

भाऊ : म्हणजे तोवरच गं, ताई. कायमचं थोडंच आहे?

ताई : कायमचं नाही, खरंय. एकसष्ट आणि बारा किती होतात रे? गणित माझ्याकडूनच शिकलास तू. पाढे म्हणत नाहीस म्हणून जेवायला वाढायची नाही मी तुला, आठवतं? आणि मग तू झोपलास की मलाच घास जायचा नाही. मूर्ख होते मी. तेव्हाच एक छडी आणायला हवी होती.

भाऊ : घाल, घाल शिव्या. मोकळी हो. पण काय ते आत्ता सांग, मास्तर थांबलेत.

ताई : त्याला इंजेक्शन द्यायचं नाही. ऐकलंस? त्याचा काही गुन्हा नाही. माझ्या अंगावर धावून येतो ते बरोबरच आहे त्याचं. मी त्याच्या जागी असते तर दोन्ही हात फोडले असते.

भाऊ : म्हणजे तू जातेस.

ताई : जाते. तुझी बायको कुठंय?

भाऊ : वर आहे. डोकं दुखतंय तिचं.

ताई : दुखू दे. छकुलीला हाक मारू नकोस, निरोप नको काही नको. पिशवीत दोन पातळं, औषधं, एवढंच घेते. शिलाईचं मशीन मागाहून पाठव. पाठवशील?

भाऊ : पाठवतो की. टेम्पो जातोच दुकानात.

मास्तर : बाई, निघालातच आहात तर एक काम करा. मागच्या दारानं जाऊ नका.

भाऊ : का? मागचंच जवळ पडेल तिला. मी याला इकडेच धरून ठेवतो.

मास्तर : तेच नको. शेठ, तुम्हाला कुत्रा राखणीचा हवाय ना? मग ऐका. दोन महिने या कुत्र्यानं काय बघितलं? वैरी आला, मारून गेला, दुसऱ्या दिवशी परत आला. रोज परत आला. हा बिचारा रोज हरला. म्हणून बाकी सगळ्यांचे पाय चाटतो, आधीच मार टाळायला. याला एकदा जिंकू द्या. वैरी पुढच्या गेटमधून, सामान घेऊन, याच्या डोळ्यांदेखत जाऊ दे, आणि परत नाही आला पाहिजे. मग बघा याचा रुबाब. महिन्याभरात मी तुम्हाला असा कुत्रा करून देतो की गेटला कुणी हात लावणार नाही.

भाऊ : खरंच होईल तसं?

मास्तर : वीस वर्षांचा धंदा आहे माझा.

भाऊ : ताई, ऐकलंस ना? म्हणजे तुझ्या हातूनच त्याचं भलं होईल. मी साखळी घट्ट धरतो, घाबरू नकोस. रिक्षा गेटसमोर नको, कोपऱ्यावर बोलावतो. गेटपासून तिथवर तू त्याला दिसली पाहिजेस.

मास्तर : आणि बाई, त्याला हाक मारायची नाही. नावानं नाही, कशानंच नाही. वळून बघायचं नाही. वळलात तर सगळं फुकट जाईल.

ताई : नाही वळणार.

भाऊ : मी कडी काढतो हं जाळीची. पिशवी डाव्या हातात घे.

ताई : मास्तर, पळायचं असतं ना यात? गुडघा उचलत नाही माझा. नुसतं भराभर चालले, तर त्याला पुरेल?