शेकाट्यांचा जोडफोटो

हसू नका, आधी ऐका तरी. वीस वर्षं फैजपुरात लग्नांचे फोटो काढतोय, म्हटलं पक्ष्यांचे काढणं काय अवघड! धुळ्याच्या प्रदर्शनाला दुसऱ्याच दिवशी फोटो द्यायचा होता. मित्राची, सुरेशची गाडी, म्हणून तो आला आणि वहिनीही आल्या. वरणगावच्या पुढे धरणावर गेलो.

उथळ पाण्यात शेकाट्यांची जोडी चरत होती. लाल, काटकुळे पाय. मी चिखलात पालथा. मादीवर फोकस धरला की नर धूसर, नरावर धरला की मादी धूसर. दोघं एका रेषेत येईनात. तीन तास गेले.

शेवटी आली! दोघांचेही डोळे शार्प. मध्ये फक्त वीतभर जागा जास्त होती. आणि सवयीने माझं तोंड उघडलं, "नवरी, जरा नवरदेवाकडे सरका! हसा!"

भुर्रकन गेली. फ्रेममध्ये नुसतं पाणी.

सुरेशने अशा शिव्या घातल्या की पलीकडचे बगळेही उडाले. वहिनी मात्र शांतपणे डबा उघडत त्याला म्हणाल्या, "कशाले वरडता त्यायले? आपल्या लग्नात बी भाऊ असेच बोलले होते. मले पंख नव्हते, म्हनून मी सरकली."